खैरी आत येत नाही

ज्या माघात आमच्या नातीचं रिवाजाप्रमाणे बेलफळाशी लग्न लागलं, त्याच्या पुढच्याच वैशाखात जमीन हलली, आणि मी सांगते आहे ते त्यानंतरच्या तिहारपासूनचं. तिहारचा, आमच्या दिवाळीचा, दुसरा दिवस कुत्र्यांचा. सकाळी मी आमच्या कुत्रीच्या, खैरीच्या, कपाळाला टिका लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि मांस आणि चिउऱ्याचं, म्हणजे पोह्यांचं, ताट पुढे ठेवलं. टिका ती दरवर्षी नाक मुरडत लावून घ्यायची, माळ मात्र मिरवायची. त्या दिवशी तिने मांसाचे तुकडे वेचून खाल्ले, चिउऱ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, आणि तेवढ्यात पोखरीच्या, तळ्याच्या, पलीकडे कुणीतरी एक फटाका उडवला. लहानसाच होता. ताट उलटलं, माळ तुटली, झेंडूची फुलं आमच्या तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीपासून पटांगणाच्या मधोमध एका रेषेत पडत गेली, आणि त्या रेषेच्या टोकाला आमचे हे अनवाणी उभे होते आणि खैरी त्यांच्या पायांत शिरून कापत होती. दोघं जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, खैरी पळाली म्हणून हे पळाले. खूप दिवस मला तसंच वाटत राहिलं. मी फुलं वेचायला वाकले तर मलाच जमीन हलल्यासारखी वाटली. त्या वर्षी आम्हा सगळ्यांच्याच पायांत थोडा भूकंप राहून गेला होता. खरा धक्का की पायांतला, हे ओळखायला घरोघरी फळीवर एक बाटली उलटी उभी करून ठेवलेली असायची. बाटली पडली तर धावायचं, नाही पडली तर धावलेल्यांनी हसून परत यायचं. आमच्या आळीने मात्र बाटल्या ठेवणं कधीच सोडलं होतं. आमच्या आळीकडे खैरी होती.

“भाउजू, काय म्हणते तुमची ज्योतिषीण?” समोरच्या घराच्या खिडकीतून केशरी ओरडली. माझ्या चुलतदिराची बायको, पण आम्ही वाढलो माहेरच्या एकाच पोखरीच्या काठी, तेव्हा नात्यापेक्षा भांडण जुनं. “उतरायचं का आम्ही खाली?”

“फटाका होता गं.”

“फटाका आम्हालाही कळला. तिला काय कळलं ते विचारतेय. चुलीवर तेल तापलंय माझं, लवकर सांगा.”

“ती म्हणतेय, तेलात सेलच्या रोट्या सोडा आणि पहिली मला द्या.”

केशरी हसली, पण खाली उतरलीच. तिच्यामागून आणखी चौघी उतरल्या. खैरी शांत होईपर्यंत कुणी वर गेलं नाही, आणि तेल करपल्याचा वास साऱ्या पटांगणावर पसरला. हे असंच चाललं होतं. वैशाखातल्या त्या शनिवारी, दुपार व्हायच्या थोडं आधी, हे खालच्या खोलीत ऐरणीसमोर बसून घागर मठारत होते. खैरी दारात इतकी भुंकली की हे हातोडी घेऊनच तिला हाणायला बाहेर आले. बाहेर आले आणि मागची भिंत ऐरणीवर बसली. घागर चपटी झाली. तिथे ह्यांचं डोकं असतं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आळीभर झाली, आठवडाभरात गावभर. त्यानंतर धक्के येतच राहिले, आणि खैरी कण्हली की लोक भातावरचा हात तसाच घेऊन बाहेर यायचे. एका लग्नात बँडवाल्याच्या तुतारीला तिने सूर लावला तर पंगत पानावरून उठली, नवरामुलगा सगळ्यांत पुढे. लोक तिला हाडं आणून द्यायचे. पूर्वी जे तिला दगड मारायचे तेही.

मला माहीत होतं ती का भुंकली. दर शनिवारी त्या वेळेला कांछा कसाई सालपानात बांधलेलं रेड्याचं मांस घेऊन गल्लीच्या तोंडाशी यायचा, आणि दर शनिवारी खैरी त्या वासाला दारात उभी राहून आळी डोक्यावर घ्यायची. त्या शनिवारीही कांछा येतच होता. ते मांस मग कुणी खाल्लं कुणास ठाऊक. मी हे कुणाला बोलले नाही. माणूस वाचला होता. त्या दिवसांत ज्याला जे धरून उभं राहता येत होतं ते तो धरत होता. कुणी देवळाचा खांब, कुणी मोबाइल, आमच्या आळीने कुत्री धरली. पण ह्यांनी ती सगळ्यांत घट्ट धरली.

घर पडलं नव्हतं. सरकारी इंजिनिअर येऊन घर राहण्याजोगं असल्याची हिरवी चिठ्ठी चिकटवून गेला, माझ्या मुलाने, न्हुछेने, मागची भिंत सिमेंटमध्ये बांधून घेतली, दसऱ्याआधी तो, त्याची बायको सबिता आणि नात घरात गेलीसुद्धा. हे गेले नाहीत. घरासमोर पोखरीच्या काठी पटांगणात पत्र्याची खोली होती, त्यात ह्यांची खाट, खाटेखाली खैरी. “ती आत जाईल त्या दिवशी मी जाईन,” हे म्हणायचे. “तिला कळतं.” आणि खैरी आत जात नव्हती. उंबऱ्यापर्यंत यायची, पुढचा एक पाय उचलायची, मान वळवून मागे बघायची आणि शेपूट पोटाखाली घालून परत फिरायची. न्हुछेने एकदा तिला उचलून आत नेलं आणि दार लावलं. तिने दार इतकं ओरबाडलं की नखातून रक्त आलं, जिन्यावर मुतली, आणि दार उघडल्यावर दिवसभर ह्यांच्या खाटेखालून बाहेर आली नाही. हे न्हुछेशी बोलले नाहीत. न्हुछे माझ्याशी बोलला.

“मां, डॉक्टर काय म्हणाला ते तू ऐकलंस ना? छातीत भट्टीचा धूर बसलाय आयुष्यभराचा. पत्र्याखाली पूसची थंडी काढली तर बा माघ बघणार नाहीत.”

“ऐकलं.”

“मग कुत्रीला कुणाला तरी देऊन टाकू. बनेपाला सबिताचा भाऊ घेईल.”

“कुत्री गेली तर ते तिच्यामागे बनेपाला जातील. अनवाणी.”

“मग काय करायचं?”

त्याला वाटलं मी विचार करते आहे. मी पोखरीकडे बघत होते. पोखरीचं पाणी हललं की मला वाटायचं, आधी पाणी हललं की आधी मी? पूस, म्हणजे पौष, दीड महिन्यावर होता. सकाळी पत्र्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरायचे आणि ह्यांच्या गोधडीवर पडायचे. खोकला सुरू झाला की खैरी खाटेखालून बाहेर येऊन ह्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. त्या हिवाळ्यात सीमा अडलेली, गॅसही मिळत नव्हता. मी पटांगणात तीन विटांवर चूल मांडायची, ती धुरायची, आणि धुराने हे आणखी खोकायचे.

मग मी कुत्रीच्या मागे लागले. आळीतल्या सगळ्यांनी उपाय सांगितले. केशरीने हारती अजिमाच्या देवळातला अंगारा आणला. “बाळांना लागू पडतो, हिलाही पडेल. हीही आमचं बाळच की, तुमच्यापेक्षा जास्त मांस खाते.” झाडणाऱ्या वैद्याने केरसुणीने झाडलं, खैरीला केरसुणी खेळायला हवी होती, तिने तिच्या काड्या काढल्या. ह्या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की माणसं तिच्याशी बोलायला लागली की ती जास्त घाबरते. गोड आवाजात, वाकून, तोंडाजवळ तोंड नेऊन कुणी “नाही गं, काही नाही” म्हटलं की तिचे कान मागे जायचे. मलाही लहानपणी असंच व्हायचं. “काही नाही” असं मोठी माणसं म्हणायची तेव्हा हमखास काहीतरी असायचं. म्हणून मी बोलणं सोडलं. रोज सकाळी उन्हात तिच्याकडे पाठ करून बसायची, मेथी घालून तापवलेलं मोहरीचं तेल शेजारी ठेवायची, आणि माझ्या गुडघ्यांना चोळायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती येऊन पाठीला टेकली. मग मी हात मागे नेऊन तिच्या कानांच्या मुळाशी, मानेपासून शेपटीपर्यंत, सावकाश, एकाच दिशेने, बाळाला तेल लावतात तसं चोळायला लागले. तिच्या कातडीखाली सारखं काहीतरी धावत असायचं, उंदीर धावल्यासारखं. हात जड ठेवला की ते थांबायचं, हलका केला की पुन्हा धावायचं. भल्या सकाळी मी तिला पोखरीला फेऱ्या घालायची, जीभ बाहेर येईपर्यंत, कारण दमलेलं जनावर कमी ऐकतं. हाडं सगळी एकदम न देता एक मोठं नळीचं हाड उंबऱ्याजवळ टाकायची. ते ती चघळत बसली की डोळे अर्धे मिटायचे. रोज मी ते हाड थोडं आत सरकवायची. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला तांदळाच्या उकडीच्या योमरी केल्या, गूळ-तिळाची एक तिलाही ठेवली, बरोबर उंबऱ्यावर. तिने मान लांब करून, मागचे पाय बाहेर ठेवून ती खाल्ली, आणि लगेच मागे बघितलं. पटांगणात हे खाटेवर बसून तिच्याकडे बघत होते.

मी ह्या घरात आले तेव्हा तेरा वर्षांची होते. माझं माहेर शेतकऱ्यांच्या आळीत, तिथे आवाज म्हणजे कोंबड्यांचा आणि बायकांचा. इथे खालच्या खोलीत सासरे, दीर आणि हे, तिघं तीन घागरींवर बसायचे, आणि पहाटेपासून ठोके. जिना हलायचा, ताटं हलायची, माझे दात हलायचे. घास घशाखाली उतरेना. आठवडाभराने सासूने मला चुलीजवळ उभं केलं, स्वतःच्या कमरेचा पटुका सोडला, ते लांबलचक कापड, आणि माझ्या कमरेभोवती, पोटावर, बरगड्यांच्या खालपर्यंत गच्च गुंडाळलं. फेऱ्यावर फेरा. “पोटात जे पाखरू फडफडतंय ते असं बांधून ठेवायचं,” ती म्हणाली, “त्याला उडायला जागाच ठेवायची नाही.” मग भात वाढला. मी खाल्ला. पुढे मला ठोक्यांशिवाय झोप येईना. बाळंतपणाला माहेरी गेले तर तिथल्या शांततेत रात्रभर जागी. जमीन हलली त्या दिवसापासून मात्र खालच्या खोलीत हातोडी वाजली नव्हती. ह्यांचा उजवा हात कापायला लागला होता, आणि हे तो कायम खैरीच्या पाठीवर ठेवायचे.

एकदा दुपारी रस्त्यावरून विटांचा ट्रक गेला. मी ताट घेऊन येत होते, ताटातल्या आमटीवर वर्तुळं उठली आणि मी जागच्या जागी थांबले. म्हणून मला दिसलं. खैरी झोपली होती. तिला काही कळलं नव्हतं. ह्यांचा हात तिच्या पाठीवर होता, तो आधी ताठ झाला, मग कापायला लागला, आणि मग तिने डोळे उघडले. तिने जमिनीकडे नाही बघितलं, कान नाही टवकारले. तिने ह्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग कण्हली. केशरीच्या खिडकीचं दार धाडकन उघडलं. आळीतून पावलं वाजायला लागली. सगळे खैरीकडे बघत होते, खैरी ह्यांच्याकडे बघत होती, आणि हे खैरीच्या पाठीकडे. आमटी गार होईपर्यंत मी ताट हातात धरून होते. मला तिहारची फुलांची रेषा आठवली. माळ तुटली ती खैरी धावताना, पण ती धावली ह्यांच्याकडे. हे आधीच मधोमध पोचलेले होते. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. पोटात पाखरू उठलं एवढंच. इतके दिवस मी कुणाला तेल चोळत होते?

ह्यांना हे सांगायचं कसं? आमच्या तांबटांच्या आळीत माणूस भट्टीत हात घालतो, तांबं लाल झालेलं असताना चिमट्याने फिरवतो. ह्यांच्या पाठीवर एक जुना चट्टा होता, तो कसा पडला ते विचारलं तर “खाज सुटली होती” म्हणायचे. “तुम्ही घाबरता” असं मी म्हटलं असतं तर हे उठून पोखरीत उभे राहिले असते. पूस लागला. सकाळी धुकं इतकं की पत्र्याच्या खोलीतून घर दिसेना. ह्यांना ताप आला, उतरला, पुन्हा आला. न्हुछे म्हणाला, “मी आता बांधून उचलून नेतो बांना.” मी म्हटलं, “ने. आणि मग त्यांनी नखं मोडेपर्यंत दार ओरबाडलं तर?” तो रडायला लागला. चाळीस वर्षांचा घोडा. मी त्याला चुलीतला पापड दिला आणि ऑफिसला पाठवलं.

त्या सकाळी मी कमरेचा पटुका सोडला. खैरीच्या छातीभोवती, पुढच्या पायांच्या मागून, पोटावरून, फेऱ्यावर फेरा घेत गच्च गुंडाळला. श्वासाला बोटभर जागा ठेवली. ती आधी लाकडासारखी उभी राहिली, मग तिने एक लांब श्वास सोडला, म्हाताऱ्या बाईसारखा. मी तिला उंबऱ्यापाशी सोडलं आणि एकटी खालच्या खोलीत शिरले. नव्या भिंतीला अजून सिमेंटचा वास होता. ऐरण पुसली. कोपऱ्यात एक अर्धवट घागर होती, मठारायची राहिलेली, हिरवी पडायला लागलेली. ती ऐरणीवर पालथी घातली, हातोडी घेतली आणि ठोकायला लागले. साठ वर्षं ऐकलेला आवाज, पण हात कधी लावलेला नाही. बायका ऐरणीवर बसत नाहीत आमच्यात. ठोका कुठेही पडायचा. कधी जोरात, कधी मिळमिळीत, दोन ठोके लागोपाठ, मग खंड. खैरीने कान उभे केले. पुढचे दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत आले. मग तिने मागे बघितलं.

धुक्यातून आधी खोकला आला, मग हे आले. गोधडी खांद्यावर, पायांत काही नाही.

“कोण मारतंय ते?”

मी ठोकत राहिले.

“अगं ए! तांब्याला मारतेस की माझ्या बापाला? असं मठारतात? घागरीला देवी आल्यात असं दिसेल.”

“येतं तसं करते.”

“पोचा पाडशील! मनगट सैल सोड. सैल! पोळी नाही थापायची.”

“तिथून काय कळतंय? दाखवा येऊन.”

हे उंबऱ्याबाहेर उभे. खैरी अर्धी आत, अर्धी बाहेर, मान वर करून ह्यांच्याकडे बघत होती. पटुक्याचं टोक तिच्या पोटाखाली लोंबत होतं. हे तिच्याकडे बघत होते. मी दोघांकडेही बघितलं नाही. मी मुद्दाम एक ठोका चुकवला, घागरीच्या गळ्यावर, जिथे चुकवायचा नसतो. तांबं किंचाळलं. हे “अरे देवा” म्हणाले आणि आत आले. माझ्या हातातली हातोडी हिसकावली, मला ढुंगणाने बाजूला सारलं आणि बसले. खैरी त्यांच्या टाचेला नाक लावून आली आणि ऐरणीच्या बाजूला, जिथे ती पिल्लू असल्यापासून झोपायची, तिथे उभी राहिली. बसली नाही.

ह्यांचा हात कापत होता. पहिला ठोका हवेत गेला. दुसरा ऐरणीवर. हातोडी मांडीवर ठेवून हे हाताकडे बघत राहिले, जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे. मी खैरीचा पटुका सोडला. तिच्या अंगाची ऊब त्याला होती, केसही चिकटले होते. तो मी ह्यांच्या कमरेभोवती गुंडाळायला लागले.

“हे काय? मला कशाला?”

“थंडी आहे.”

“कुत्रीचा आहे हा.”

“माझा आहे. ती नेसली होती जरा वेळ.”

बरगड्यांपर्यंत गच्च बांधला. ह्यांच्या बरगड्या मला मोजता आल्या असत्या. मी गाठ मारली आणि मागे भिंतीला टेकून बसले, नव्या भिंतीला, माझंही पाखरू फडफडत होतं आणि माझा पटुका ह्यांच्या कमरेला होता. तिसरा ठोका घागरीवर पडला. मग चौथा, त्याच्या शेजारी. मग तो जुना चालीतला आवाज, एक जड, दोन हलके, आणि घागर थोडी फिरवायची. खैरी एक गिरकी घेऊन खाली बसली. हनुवटी पंजांवर. बाहेर रस्त्यावरून काहीतरी जड गेलं, खिडकीचं तावदान वाजलं. खैरीने डोकं उचललं आणि ह्यांच्या हाताकडे बघितलं. हात थांबला. मग ठोका पडला, एक जड, दोन हलके, आणि तिने डोकं खाली ठेवलं.

बऱ्याच वेळाने, घागरीवरून नजर न काढता, हे म्हणाले, “शनिवार होता ना गं तो.”

“हो.”

“कांछा मांस घेऊन येत होता.”

“हो.”

“तुला ठाऊक होतं?”

“दर शनिवारी भुंकायची. न ठाऊक असायला काय झालं?”

एक जड, दोन हलके. घागर फिरली. खोकला आला, गेला.

“आळीत बोलू नकोस कुठे,” हे म्हणाले. “हाडं बंद होतील तिची.”

बाहेरून केशरीचा आवाज आला, “भाउजू! ठोके कुणाचे? दाजू आत गेले? म्हणजे आता येत नाही ना भूकंप?” मी उठून वर गेले, चूल पेटवली आणि ह्यांच्यासाठी भात टाकला. खाली ठोके पडत होते, ताटं हलत होती, आणि आळीने सोडलं तरी सबिताने फळीवर ठेवलेल्या उलट्या बाटलीकडे मी बघितलं, ती हलत होती पण पडत नव्हती. मग ती मी सरळ केली आणि तिच्यात तेल भरलं. माघाच्या संक्रांतीला घरातली मोठी बाई म्हणून मी सगळ्यांच्या टाळूवर त्यातलं तेल घातलं, न्हुछेच्या, सबिताच्या, नातीच्या, ह्यांच्या, आणि शेवटी खैरीच्या, आणि सगळ्यांना तूप आणि चाकू, म्हणजे घट्ट आटवलेला उसाचा रस, वाढलं, घरात, चुलीजवळ.

ती घागर ह्यांनी पुरी केली. गळ्याजवळचा माझा पोचा काढायला मात्र नकार दिला. हे, आस्तमान ताम्राकार, त्यानंतरच्याच चैत्रात, मंगळवारी सकाळी, स्वतःच्या घरात, खालच्या खोलीत वारले. खैरी त्यानंतर दोन हिवाळे जगली आणि तिहारच्या पहिल्या दिवशी, कावळ्यांच्या पूजेच्या सकाळी, ऐरणीशेजारी मेली.